'अनुभव आहे का?' : एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

वस्तीतली दहावी नापास झालेली, बारावीत सुटलेली, आयटीआय अर्धवट टाकलेली मुलं-मुली कामाच्या शोधात बाहेर पडतात तेव्हा त्यांना दोन प्रश्न विचारले जातात. शिक्षण किती? अनुभव आहे का? दोन्हींचं उत्तर नकारार्थी असेल तर तिसरा प्रश्न येतो, आणि तो बहुतेक वेळा तोंडाने विचारलाच जात नाही. कोणाच्या ओळखीने आलास?

आमच्या चळवळीत पहिल्या प्रश्नावर खूप काम झालं आहे, आणि ते व्हायलाच हवं होतं. बाबासाहेबांनी शिका म्हटलं, आमचे आजी-आजोबा उपाशी राहून मुलांना शिकवत राहिले. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाकडे आम्ही पाहतच नाही. आमच्या विहारांतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांची कपाटं आहेत. दहावी नापास मुलासाठी त्या अभ्यासिकेत काय आहे? त्याला आम्ही भाषणात 'वाया गेलेला' म्हणतो आणि पुढच्या वक्त्याला माईक देतो. हा लेख त्या मुलाच्या बाजूने लिहिला आहे. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल, कारण पदवी आणि अनुभव नसताना पहिलं काम कसं मिळवायचं हा प्रश्न आपल्या समाजाने दीडशे वर्षं सोडवत आणला आहे, आणि बाबासाहेबांनी त्यावर जे बोललं, जे केलं, ते आपण जवळजवळ विसरलो आहोत.

सुरुवात पलटणीपासून करू. ब्रिटिशांच्या मुंबई लष्करात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. भरतीला पदवी लागत नव्हती, शाळेचा दाखलाही लागत नव्हता. उलट शाळा मिळायची ती भरती झाल्यावर. शिपायाला आणि त्याच्या मुलाबाळांना लष्करी शाळेत शिकता येई. रामजी सकपाळ याच व्यवस्थेतून सुभेदार झाले, लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले. त्यांचे वडील मालोजीही लष्करातच होते. म्हणजे क्रम लक्षात घ्या: आधी नोकरी, मग अक्षर, मग पुढच्या पिढीची पदवी. आज आपल्या मुलांना आपण हाच क्रम उलटा करून शिकवतो, आधी पदवी आणि मग नोकरी. ज्याच्या घरात पगार आहे त्याला हा उलटा क्रम परवडतो. ज्याच्या घरात पगारच नाही त्याला तो कसा परवडणार?

म्हणूनच १८९२-९३च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा तो केवळ काही हजार नोकऱ्यांचा प्रश्न नव्हता. ज्या दारातून समाज अक्षरापर्यंत पोहोचत होता ते दारच बंद झालं. 'लढाऊ जाती' आणि 'बिगरलढाऊ जाती' असा सिद्धांत पुढे करण्यात आला. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावं कोरली गेली तेच लोक अचानक लढण्यास नालायक ठरले. गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः पलटणीतून निवृत्त झालेले. त्यांनी १८९४ मध्ये या बंदीविरुद्ध अर्ज तयार केला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. त्या अर्जाची मागणी वाचली तर आजच्या तरुणाला ती फार लहान वाटेल. लष्करात घ्या, पोलिसांत घ्या, सरकारी नोकरीच्या अगदी खालच्या पायऱ्यांवर घ्या, एवढंच ते मागत होते. दिवाणगिरी कोणी मागितली नव्हती. पण कांबळ्यांना हे पक्कं ठाऊक होतं की खालची पायरी हातात आल्याशिवाय वरची दिसतसुद्धा नाही. आपल्यातले काही विद्वान या अर्जांना 'विनवण्या' म्हणून हिणवतात. आम्हाला तसं वाटत नाही. प्रवेशस्तरावरची नोकरी हा सार्वजनिक हक्काचा प्रश्न आहे, वैयक्तिक नशिबाचा नाही, असं संघटितपणे सांगणारे ते आपल्याकडचे पहिले दस्तऐवज आहेत.

लष्कर बंद झाल्यावर माणसं गेली कुठे? रेल्वेच्या रुळांवर, गोदीत, दारूगोळ्याच्या कारखान्यांत, नगरपालिकेच्या झाडूखात्यात आणि मुंबईच्या गिरण्यांत.

गिरणी हे पदवी आणि अनुभव न मागणाऱ्या कामाचं सर्वांत मोठं ठिकाण. कागदावर पाहिलं तर गिरणीला ना जात हवी होती ना दाखला, फक्त हात हवे होते. पण ते हात आत कोण घेत होतं? मालक नाही, मॅनेजर नाही. घेत होता जॉबर. बायकांच्या खात्यांत नायकीण. जॉबर आपल्या गावचे, आपल्या भावकीतले, आपल्या जातीचे लोक आत घेई. चाळीत खोली तोच बघून देई, खानावळीत उधारी त्याच्या शब्दावर चाले, प्रसंगी कर्जही तोच देई, आणि या सगळ्याच्या बदल्यात दस्तुरी घेई. १९३१ मध्ये रॉयल कमिशनने आपल्या अहवालात जॉबरच्या या सत्तेवर बोट ठेवलं आणि भरतीचा अधिकार त्याच्याकडून काढून घ्यावा असं सुचवलं. पण गिरणगावात जॉबर पुढेही बराच काळ जॉबरच राहिला.

सकाळी भोंगा व्हायच्या आधी गिरणीच्या दारावर बदली कामगारांची गर्दी उभी राही. आत कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं काम. कोणाला आत घ्यायचं हे जॉबरच्या बोटावर. १९३५ मध्ये गिरणीमालकांनी बदली नियंत्रण योजना आणली. महिन्याच्या सुरुवातीला ठरावीक बदल्यांना कार्ड द्यायचं, त्यांनी रोज सकाळी हजेरी लावायची, आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. जॉबरची मनमानी थोडी कमी झाली, पण कार्ड कोणाला मिळणार हा प्रश्न शिल्लकच होता. माणसं वर्षानुवर्षं बदलीच राहत. १९८२ चा संप झाला तेव्हाही बदल्यांना कायम करा ही मागणी त्यात होती, यावरून अंदाज करा.

आता मुद्द्याची गोष्ट. गिरणीत आपली माणसं होती, हजारोंनी होती. पण ती प्रामुख्याने रिंग खात्यात आणि तशाच कमी मजुरीच्या कामांवर. विणकाम खात्यात नव्हती. तिथे सरसकट मनाई होती. विणकऱ्याला रिंग खात्यातल्या कामगाराच्या जवळपास दुप्पट मजुरी मिळे. मग आपल्या माणसाला साच्यावर का उभं राहू देत नव्हते? कारण सांगितलं जाई ते असं: कांडीवरचं सूत संपलं की विणकरी धोट्यात नवी कांडी घालतो आणि धोट्याच्या छिद्रातून सुताचं टोक तोंडाने ओढून बाहेर काढतो. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. अस्पृश्याची उष्टी थुंकी सवर्णाच्या तोंडाला! झालं, विटाळ. तोंडाने सूत ओढायची ही पद्धत मुळात सगळ्यांच्याच आरोग्याला घातक होती. क्षयाने माणसं मरत असलेल्या त्या गिरणगावात एकमेकांची थुंकी चालत होती, जात मात्र चालत नव्हती.

मालकाने असा नियम केल्याचं सांगितलं जात नाही. नियम कामगारांनीच केला होता, संपात खांद्याला खांदा लावणाऱ्या कामगारांनी. आणि यातला सर्वांत बारकाईने पाहण्यासारखा भाग पुढेच आहे. साच्यावरचं काम शिकायचं कुठे? शाळेत नाही. नवखा मुलगा काका-मामाच्या साच्याशेजारी उभा राहून, बिनपगारी हात लावत लावत काम शिके. मग एके दिवशी बदली म्हणून त्याच साच्यावर उभा राही. झाला अनुभवी! म्हणजे 'अनुभव' नावाची वस्तू नात्यातून मिळत होती. ज्याचा काका विणकाम खात्यात नाही त्याला अनुभव मिळणार नाही, अनुभव नाही म्हणून काम मिळणार नाही, काम नाही म्हणून त्याच्या पुतण्यालाही अनुभव मिळणार नाही. तीन पिढ्या झाल्यावर मॅनेजर सहज सांगू शकतो की या लोकांना विणकाम जमत नाही. आणि गंमत अशी की विदर्भात जाडंभरडं कापड विणणं हा महार समाजाचा पिढीजात धंदा होता. विणणाऱ्या समाजाला विणता येत नाही असं ठरवण्यात आलं. कौशल्य हातात असून उपयोग नव्हता, कौशल्याला मान्यता देणारा माणूस आपला नव्हता.

१९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. ऑक्टोबर १९२८ मध्ये पुण्यात सायमन कमिशनसमोर साक्ष देताना त्यांनी ही हकीगत स्वतः सांगितली आहे. सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्यांचा हक्क मान्य करणार नसाल तर आमच्या लोकांना संपात भाग घेऊ नका असं सांगेन, असं त्यांनी युनियनवाल्यांना बजावलं. त्यांनी फार नाखुशीने ती मागणी आपल्या यादीत घातली. पण मालकांपुढे ती गेली तेव्हा मालकांनी त्यांनाच झापलं. हा अन्याय असेल तर तो आमचा नाही, असं उत्तर मिळालं. या प्रसंगावर आजही डाव्या मित्रांशी आमचा वाद होतो. ते म्हणतात, बाबासाहेबांनी वर्गाची एकजूट मोडली. आम्ही म्हणतो, एकजूट होती कुठे? एका छपराखाली काम करणाऱ्यांत एक धोटा वाटून घेण्याइतकीही नव्हती.

दहा वर्षांनी, १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या दलित कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांचं विधान याच परिषदेतलं. ते एवढंच वाक्य आपण पोस्टरवर छापतो, जयंतीला शेअर करतो. भाषणाचा उरलेला भाग वाचणारे फार थोडे. आम्हाला मात्र त्या उरलेल्या भागातच आजच्या दहावी नापास मुलाचा प्रश्न सापडतो.

बाबासाहेब तिथे रेल्वेतल्या एकेका पदाचा हिशेब मांडतात. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. पोर्टरचं काम त्याला मिळत नाही. का? पोर्टरच्या कामाला काही विशेष बुद्धी लागते म्हणून नाही. पोर्टर हा स्टेशन मास्तरच्या घरी घरगडी म्हणूनही राबतो आणि मास्तर सवर्ण असल्यामुळे त्याला अस्पृश्य घरात नको असतो. पुढे ते कारकुनाकडे येतात. रेल्वेत कारकुनीसाठी मॅट्रिक पास असण्याची अट नव्हती. शेकडो बिगरमॅट्रिक लोक कारकून झाले होते, इतर समाजांतले. अस्पृश्यांतही शेकडो बिगरमॅट्रिक मुलं होती, पण त्यांच्यातल्या क्वचितच कोणाला निवडलं जाई. वर्कशॉपमध्येही तेच. मेकॅनिक नाही, मिस्त्री नाही, फोरमन तर नाहीच. कुली म्हणून आत येतो आणि कुलीच राहतो.

मित्रांनो, नीट विचार करा. परदेशातल्या दोन नामांकित विद्यापीठांच्या पदव्या मिळवलेला, बॅरिस्टर झालेला माणूस मनमाडच्या परिषदेत बिगरमॅट्रिक पोरांची बाजू मांडतो आहे. आधी मॅट्रिक व्हा आणि मग या, असं त्याने सांगितलं नाही. उलट त्याने विचारलं की त्यांच्यातले बिगरमॅट्रिक कारकून होतात तर आमच्यातले का नाही? पदवी नसणं हा सगळ्यांचाच दोष असेल तर शिक्षा एकालाच का? १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'च्या भाषणातही त्यांनी मांडलं होतं की जात ही नुसती श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, आणि एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात जायला मज्जाव करून ती बेकारी निर्माण करते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी बोलत होता तो. बेकारीचं कारण बेकार माणसाच्या अंगात शोधायचं नसतं, ते दारावर उभ्या असलेल्या माणसात शोधायचं असतं.

१९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. त्या ऑक्टोबरमध्येच त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन सरकारला दिलं. त्यात परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या होत्या, तशीच सरकारी छापखान्यांत आणि रेल्वे वर्कशॉपमध्ये शिकाऊ उमेदवार म्हणून आपल्या मुलांना घेण्याची मागणीही होती. शिष्यवृत्तीचा भाग आपण अभिमानाने सांगतो, शिकाऊ उमेदवारांचा भाग कोणी सांगत नाही. १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला, वयोमर्यादा तीन वर्षांनी वाढवली गेली आणि परीक्षेची फी कमी झाली. आणि १९४५ मध्ये त्यांच्या मजूर खात्याच्या कारकिर्दीत देशात रोजगार विनिमय केंद्रांचं जाळं उभं राहू लागलं. सुरुवातीला ती युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी होती, १९४८ पासून सर्वांसाठी खुली झाली.

एम्प्लॉयमेंट एक्सचेंजचं कार्ड आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुन्या पत्र्याच्या पेटीत सापडेल. त्यामागची कल्पना जॉबरच्या नेमकी उलट होती. कोणाच्या ओळखीची गरज नाही, रांगेत नाव नोंदवा, नंबर आला की बोलावणं. ओळख नसलेल्या माणसासाठी याहून चांगली व्यवस्था नाही. पण तिचं काय झालं? १९५९ मध्ये कायदा झाला की मालकांनी आपल्याकडच्या रिकाम्या जागा केंद्राला कळवल्या पाहिजेत. खासगी क्षेत्रात २५ किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांनाही तो लागू झाला. ऐकायला छान. आता सवलती पाहा. अकुशल कार्यालयीन कामाच्या जागा कळवण्याची गरज नव्हती. अकुशल कार्यालयीन काम म्हणजे कोणतं, याची यादी कायद्यातच होती: दफ्तरी, जमादार, शिपाई, फरास, दप्तर उचलणारा, समन्स बजावणारा, पहारेकरी, झाडूवाला. शेतमजुरी आणि घरकामही वगळलेलं. तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीचं कामही वगळलेलं. आणि वर एक कलम असं की, जागा कळवली तरी केंद्राने पाठवलेल्या माणसालाच घेण्याचं बंधन मालकावर नव्हतं.

म्हणजे ज्यांच्याकडे पदवी नाही, अनुभव नाही, नेमक्या त्यांच्याच नोकऱ्या कायद्याच्या जाळ्यातून बाहेर काढल्या गेल्या. त्या कोणाच्या हातात राहिल्या? साहेबाच्या शिपायाच्या, कंत्राटदाराच्या, मुकादमाच्या. जॉबर गिरणीतून गेला आणि कायद्याच्या अपवादांत जाऊन बसला.

आपल्या समाजाला यात आणखी एक फटका बसला. १९५६ ला धम्मदीक्षा घेतल्यावर बौद्धांचा केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीतला हक्क गेला. महाराष्ट्र राज्यात सवलती मिळाल्या, पण रेल्वे, पोस्ट, दारूगोळ्याचे कारखाने या केंद्राच्या खात्यांत, म्हणजे जिथे आपल्या बिगरपदवीधर माणसाला खालच्या पायरीवर शिरता येत होतं तिथेच, १९९० च्या घटनादुरुस्ती आदेशाच्या कायद्यापर्यंत ३४ वर्षं हा हक्क नव्हता. ज्यांनी कागदावर जुनी जात लावली नाही त्यांनी धम्माची किंमत मोजली. त्या पिढीचा हिशेब कधीतरी कोणीतरी नीट लिहायला हवा.

एक दार मात्र कधीच बंद नव्हतं. झाडूचं. सफाई कामाला कोणी पदवी विचारली नाही, अनुभव विचारला नाही, रोजगार केंद्राचं कार्डही मागितलं नाही. लाड आणि पागे समित्यांच्या शिफारशींनुसार महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळते. या तरतुदीवर जगणारी हजारो घरं आहेत आणि ती काढून घ्या असं आम्ही कधीही म्हणणार नाही. पण ज्या देशात जन्माने धंदा ठरतो असं आपण म्हणतो, तिथे वारसाहक्काने मिळणारी सरकारी नोकरी नेमकी झाडूचीच असावी, हे विचार करायला लावणारं आहे. आणि ते दारही आता अर्धंच उघडं आहे. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, निकाल लागला २०१७ मध्ये. ते काम अनुभव न विचारता देतात, पण वीस-वीस वर्षांचा अनुभव झाल्यावरही तो मोजत नाहीत!

२००८ मध्ये सहाव्या वेतन आयोगाने केंद्र सरकारातला 'ड' वर्गच बंद करण्याची शिफारस केली. नव्या भरतीला किमान दहावी किंवा आयटीआय. जे आधीपासून होते त्यांना प्रशिक्षण देऊन वर घेतलं, त्याबद्दल आनंदच आहे. पण आठवी पास माणसासाठी केंद्राचं दार त्या दिवशी बंद झालं आणि ती सगळी कामं, झाडलोट, पहारा, चहापाणी, कंत्राटदाराकडे गेली. जिथे कंत्राटदार तिथे आरक्षण नाही. रेल्वेच्या ज्या गँगमनच्या पदावर आपली माणसं कुजवली जातात म्हणून बाबासाहेब मनमाडला संतापले होते, त्याच पायरीवरच्या १,०३,७६९ जागांसाठी २०१९ च्या भरतीत सुमारे १ कोटी १५ लाख अर्ज आले. त्याआधी २०१५ मध्ये उत्तर प्रदेशात शिपायाच्या ३६८ जागांना २३ लाख अर्ज आले, त्यांत २५५ पीएच.डी. होते. पीएच.डी. झालेला शिपायाच्या रांगेत उभा राहतो तेव्हा पाचवी पास माणूस रांगेतून ढकलला जातो, हे गणित समजायला समाजशास्त्र लागत नाही.

यावर काहीजण म्हणतील, खासगी क्षेत्रात जात कोण बघतं? हाऊसकीपिंगच्या मुलाची जात कोणाला पडली आहे? सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवून पाहिले. फरक फक्त आडनावांचा. २००७ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले: सवर्ण आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश, मुस्लीम आडनावाला सुमारे एक तृतीयांश. हे पदवीधरांचे अर्ज होते, बरं का. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांचा अभ्यास आला. त्यांनी मोठ्या कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांशी बोलून पाहिलं. आम्ही जात पाहत नाही, गुणवत्ता पाहतो, असं सगळे सांगत. आणि मुलाखतीत विचारत: वडील काय करतात, घरचं वातावरण कसं आहे? खालच्या कामांसाठी तर जुन्या कामगारांच्या ओळखीतूनच माणसं घेणं त्यांना सोयीचं वाटत होतं. हा गिरणीतला जॉबरच. फक्त आता त्याला 'रेफरन्स' म्हणतात.

गिरण्यांच्या जमिनीवर आज मॉल आणि काचेच्या इमारती उभ्या आहेत. तिथे दारावर उभा राहणारा सुरक्षारक्षक एजन्सीतून येतो, एजन्सीत सुपरवायझरच्या शब्दाने शिरतो, गणवेशाचे पैसे पहिल्या पगारातून कापून घेतात. लेबर नाक्यावर सकाळी उभी राहणारी रांग गिरणीच्या दारावरच्या बदल्यांची आठवण करून देते. डिलिव्हरीचं ॲप तेवढं पदवीही विचारत नाही आणि अनुभवही. ते विचारतं मोटारसायकल आणि स्मार्टफोन. म्हणजे कर्जाचा हप्ता आधी, काम नंतर. दस्तुरीचं हे नवं रूप. फरक इतकाच की जॉबरला निदान तोंड होतं, त्याच्याशी भांडता येत होतं.

आमच्याच काही कार्यकर्त्यांचा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. पोरांना वॉचमन आणि हेल्पर व्हायला शिकवता का? कलेक्टर व्हायला सांगा! सांगतोच आहोत. पण वस्तीतली शंभर मुलं पहिलीत बसतात, त्यांतली कितीजण पदवीला पोहोचतात हे प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गल्लीपुरतं मोजून बघावं. उरलेल्यांना चळवळीत जागा हवी की नको? गँगमनचा, पोर्टरचा, बदलीचा प्रश्न बाबासाहेबांना लहान वाटला नाही.

मग करायचं काय? एक गोष्ट इथे मुद्दाम सांगतो, कारण ती आमच्या अनेक कार्यकर्त्यांना ठाऊक नसते. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही असं आपण सरसकट म्हणतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३ मध्ये घातलेलं कलम ३-अ मात्र वेगळं सांगतं. निर्देशित व्यवसायांतल्या शिकाऊ उमेदवारांच्या जागा अनुसूचित जाती-जमातींसाठी राखून ठेवणं मालकावर बंधनकारक आहे, आणि या कायद्यातला 'मालक' खासगी कारखानदारही आहे. २०१९ मध्ये झालेल्या नियमदुरुस्तीनुसार ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे आहेत. त्याच नियमांत विद्यावेतनाचा तक्ता पाचवी ते नववी शिकलेल्यांपासून सुरू होतो. म्हणजे पदवी लागत नाही, अनुभव तर मुळीच लागत नाही, उलट तोच मिळतो, तोही प्रमाणपत्रासह. ज्याचा काका साच्यावर नाही त्याला साच्याशेजारी उभं राहण्याचा कायदेशीर हक्क देणारं हे कलम आहे. छापखान्यांत आणि वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून घ्या, ही १९४२ ची मागणी इथे कायद्यात उतरलेली दिसते.

या कायद्याला मोठी भोकं आहेत. शिकाऊ उमेदवारी संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन मालकावर नाही. स्वस्तातला मजूर म्हणून वापरून सोडून देण्याचे प्रकार सर्रास चालतात. तरीही औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या आपल्या कितीतरी वस्त्यांतून एकही मुलगा तिथे शिकाऊ म्हणून गेलेला नसतो, कारण कलम कोणी वाचलेलं नसतं आणि कारखान्याला कोणी विचारलेलं नसतं.

विचारायला सुरुवात माहितीच्या अधिकाराने करता येते. आपल्या जिल्ह्यातल्या शिकाऊ उमेदवारीचं काम पाहणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे अर्ज टाका. तालुक्यात ३० पेक्षा जास्त माणसं असलेल्या किती आस्थापनांची नोंद आहे, गेल्या तीन वर्षांत प्रत्येकीने किती शिकाऊ घेतले, कोणत्या व्यवसायात घेतले, त्यांत अनुसूचित जातींचे किती, जमातींचे किती, आणि कलम ३-अ न पाळणाऱ्या किती मालकांना नोटीस काढली, एवढीच माहिती मागा. मिळालेले आकडे घेऊन आधी वस्तीत बसा, मग कारखान्याच्या दारावर जा. अर्जाची फी दहा रुपये आहे, आणि दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तीही लागत नाही.